बारा मागांच्या शेडमध्ये चालतो, दहाच्या शेडमध्ये पडतो: कर्नल ड्रायव्हरमधली मेमरी आणि स्ट्रक्चरची मांडणी

सोलापुरात पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही यंत्रमाग कारखान्यांत मागांचे पिक (आडवा धागा टाकण्याच्या फेऱ्या) मोजणारे छोटे बॉक्स बसवलेले आहेत. आत ३२-बिट एआरएम प्रोसेसरचा बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि यूएसबीला जोडलेलं सेन्सर कार्ड. कार्ड दर सेकंदाला प्रत्येक मागाच्या तीन गोष्टी पाठवतं: माग चालू आहे की धागा तुटून थांबलाय, पाळी सुरू झाल्यापासून किती पिक पडले, आणि मिनिटाला गती किती. कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) मुख्य कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, नाही, पुरवठादाराने वेगळा दिलेला आहे.

तक्रार अशी की काही शेडमधले बॉक्स महिनोन्‌महिने चालतात आणि काही दर दोन-चार दिवसांनी गोठतात. बंद-चालू केलं की पुन्हा ठीक. लॉग मिळाला तर त्यातली कोसळण्याची जागा दरवेळी निराळी. एकदा नेटवर्कचा कोड, एकदा फाइलसिस्टीम, एकदा कुठला तरी टायमर. ड्रायव्हरचं नाव जवळजवळ कधीच येत नाही.

पहिला संशय उन्हावर जातो, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली बोर्ड खरोखर तापतो, टॉवेलच्या शेडमध्ये रुईचे तंतू बॉक्सच्या जाळीवर बसतात, वीज जाते-येते तेव्हा व्होल्टेजही हलतं. म्हणून आधी हे वेगळं काढा, आणि त्यासाठी एकच प्रयोग पुरतो: पडणारा बॉक्स न पडणाऱ्या शेडमध्ये नेऊन लावा आणि तिथला इकडे आणा. आमच्याकडे दोष बॉक्सबरोबर गेला नाही, शेडमध्येच राहिला. दोन्ही शेडमध्ये ऊन तेवढंच, मीटर त्याच फीडरवर. कारखानदारांनी मग नेमका प्रश्न विचारला: "अहो, बारा मागांचा बॉक्स चालतोय आणि दहा मागांचा पडतोय. कमी कामाला जास्त त्रास कसा?"

उत्तर याच प्रश्नात होतं. शेडमध्ये बदलत होती ती फक्त मागांची संख्या, आणि ड्रायव्हरमध्ये या संख्येवर एकच गोष्ट अवलंबून होती: दर सेकंदाला मागितलेल्या मेमरीचं माप.

ड्रायव्हरमधली मूळ मांडणी खाली देतो. कोडचे तुकडे वाचायला सोपे जावेत म्हणून नागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत. यू८, यू१६, यू३२, यू६४ म्हणजे तितक्या बिटांचे आकडे, साइझऑफ माप सांगतो, आणि केमॅलॉक हे कर्नलमध्ये मेमरी मागण्याचं फंक्शन.

स्ट्रक्ट माग_नोंद {
  यू८ अवस्था;
  यू३२ पिक;
  यू१६ गती;
};

स्ट्रक्ट माग_फ्रेम {
  यू६४ वेळ;
  यू१६ संख्या;
  स्ट्रक्ट माग_नोंद नोंदी[१];
};

फ्रेम = केमॅलॉक(साइझऑफ(*फ्रेम) + (संख्या - १) * साइझऑफ(स्ट्रक्ट माग_नोंद), जीएफपी_कर्नल);

शेवटी एका घटकाचा अ‍ॅरे ठेवायचा आणि प्रत्यक्षात त्यात हवे तितके घटक भरायचे, ही जुनी पद्धत. एक घटक स्ट्रक्चरच्या मापात आधीच धरलेला, म्हणून हिशेबात "संख्या वजा एक". हे गणित बरोबर आहे. नोंद १२ बाइट्सची (७ च बाइट्सची माहिती असताना १२ का, ते पुढे येतंच), फ्रेम २४ ची. दहा मागांना २४ अधिक ९ गुणिले १२, म्हणजे १३२ बाइट्स, आणि लागतातही १३२ च.

बिघाड झाला तो बोर्डाचा कर्नल नवा केल्यावर. ६.५ पासून कर्नल, कंपायलर साथ देत असेल तर, 'एफस्ट्रिक्ट-फ्लेक्स-अ‍ॅरेज=३' हा पर्याय लावून बांधला जातो. जीसीसी १३ आणि क्लँग १६ पासून तो उपलब्ध आहे. त्याचा अर्थ असा की "एक घटक" लिहिलं असेल तर कंपायलर एकच घटक मानतो. शेवटचा अ‍ॅरे आहे म्हणून सूट नाही. यूबीसॅन या कर्नलमधल्या तपासनिसाची बाउंड्स (अ‍ॅरेच्या हद्दीची) तपासणी चालू असेल तर दुसऱ्या मागाच्या नोंदीपासूनच लॉगमध्ये "अ‍ॅरे-इंडेक्स-आउट-ऑफ-बाउंड्स, इंडेक्स १ इज आउट ऑफ रेंज" अशी तक्रार येते. ती थांबवण्यासाठी पुरवठादाराने [१] च्या जागी रिकामा चौकोनी कंस घातला. सी ९९ मधला खरा फ्लेक्सिबल अ‍ॅरे तोच, त्यामुळे दिशा योग्य होती. तक्रार थांबली. पण वाटपाच्या ओळीतलं "वजा एक" तसंच राहिलं.

आता दहा मागांसाठी मागणी किती? रिकाम्या अ‍ॅरेसह फ्रेमचं माप १६. त्यात ९ गुणिले १२ मिळवले की १२४. गरज किती? नोंदी बाराव्या बाइटपासून सुरू होतात, म्हणून १२ अधिक १२०, म्हणजे १३२. आठ बाइट्स कमी. ही तूट संख्या कितीही असली तरी आठचीच राहते. मग बारा मागांचं शेड का पडत नाही?

कारण केमॅलॉक मागितल्याबरहुकूम मेमरी कापून देत नाही. त्याच्याकडे ठरावीक मापांचे खण आहेत: ६४, १२८, १९२, २५६, ५१२, १०२४ वगैरे. काही प्रोसेसरवर ८, १६, ३२ आणि ९६ चेही असतात, पण आमच्या बोर्डावर सगळ्यात लहान खण ६४ चा. मागणी वरच्या खणात बसवली जाते आणि उरलेली जागा मोकळी राहते. बारा मागांना १४८ मागितले, १९२ चा खण मिळाला, प्रत्यक्ष लिहिले १५६. चूक मोकळ्या जागेत जिरली. आठ मागांना १०० मागितले, १२८ मिळाले, लिहिले १०८. तीही जिरली. दहा मागांना १२४ मागितले, १२८ मिळाले, आणि लिहिले १३२. शेवटचे चार बाइट्स शेजारच्या खणात.

कागदावर ४२ मागांपर्यंत मांडून पाहिलं तर या बोर्डावर फक्त चार आकडे बाहेर जातात: ५, १०, २१ आणि ४२. सात, पंधरा, वीस यांचं काही बिघडत नाही. म्हणूनच पुरवठादाराच्या टेबलावर आठ चॅनेलच्या कार्डाची चाचणी कितीही चालवली असती तरी हा दोष दिसला नसता. कुठल्याही ड्रायव्हरमध्ये "काही ठिकाणी पडतो, काही ठिकाणी नाही" अशी तक्रार आली की बदलत्या संख्येचा आणि खणांच्या मापांचा असा तक्ता आधी कागदावर मांडा. याला कुठलंही टूल लागत नाही, आणि माझ्या मते याहून स्वस्त तपासणी नाही.

त्या शेवटच्या चार बाइट्समध्ये काय असतं तेही पाहण्यासारखं आहे. दहावी नोंद फ्रेममध्ये १२० व्या बाइटवर सुरू होते. तिच्यातली गती आठव्या जागी, म्हणजे बरोबर १२८ वर. पुढचे दोन बाइट्स नुसतं पॅडिंग (मांडणीसाठी सोडलेली रिकामी जागा), त्यांना ड्रायव्हर हात लावत नाही. म्हणजे शेजारच्या खणाचे पहिले दोन बाइट्स दर सेकंदाला दहाव्या मागाच्या गतीने पुसले जातात. माग १५२ ने चालत असेल तर तिथे ००९८ बसतं, कारण १५२ हे सोळाच्या पायात ९८. शेजारच्या खणात कुणाचं तरी स्ट्रक्चर असेल आणि त्याचा पहिला सदस्य पॉइंटर असेल, तर त्या पॉइंटरचे शेवटचे चार अंक ००९८ होतात. हा पत्ता आठने भाग जाणारा आहे, त्यामुळे दिसायला अगदी सरळ वाटतो. जुन्या ऊप्स-नोंदी (कर्नल कोसळताना छापतो ते अहवाल) काढून पत्त्यांचे शेवटचे अंक एकाखाली एक लिहिले तेव्हा ते ००९८, ००९६, ००९९ असे निघाले. म्हणजे मिनिटाला १५२, १५०, १५३. मागाच्या बोर्डावर लिहिलेली गती कर्नलच्या पॉइंटरमध्ये सापडली, तेव्हा पुढे शंका राहिली नाही.

शेजारचा खण रिकामा असेल तर काहीच दिसत नाही. स्लब, म्हणजे केमॅलॉकमागचा हे खण सांभाळणारा भाग, रिकाम्या खणात पुढच्या रिकाम्या खणाचा पत्ता लिहून ठेवतो. पूर्वी तो खणाच्या सुरुवातीला असायचा. ५.७ पासून, म्हणजे २०२० पासून, तो मध्यभागी हलवला आहे, नेमका अशा थोडक्यात बाहेर जाणाऱ्या लिखाणापासून वाचवण्यासाठी. त्यामुळे नव्या कर्नलवर हा दोष लगेच न फुटता दोन-चार दिवस लपून राहतो, आणि जुन्या कर्नलवर तोच मेमरी मागताना फुटला असता.

हे सगळं गणित हाती असलं तरी पुरावा घ्याच. सर्वांत सोपा मार्ग कर्नलच्या कमांड लाइनवर 'स्लब_डीबग=एफझेडपीयू,केमॅलॉक-१२८' टाकण्याचा. स्वल्पविरामानंतर खणाचं नाव दिलं की बाकीच्या खणांवर भार पडत नाही. 'झेड'मुळे प्रत्येक खणाच्या कडेला राखीव पट्टी येते आणि ती सीसी या बाइटने भरली जाते. 'यू'मुळे तो खण कुणी मागितला याची नोंद राहते. ड्रायव्हरने फ्रेम परत केली की लगेच रेडझोन ओव्हररिटन असा अहवाल येतो, त्यात सीसीच्या जागी ९८ मिळाल्याचं लिहिलेलं असतं आणि खाली मेमरी मागणाऱ्या फंक्शनचं नाव. इथे प्रथमच ड्रायव्हर नावानिशी समोर येतो. एक सावधगिरी: हा पर्याय चालू असताना बॉक्स पडायचा थांबेल, कारण लिखाण शेजाऱ्याऐवजी पट्टीत जातं. "डीबग चालू केलं की दोष जातो" असं म्हणून तो तसाच चालू ठेवणारे लोक मी पाहिलेत. दोष तिथेच असतो, फक्त पट्टीआड असतो.

केसॅन हा कर्नलमधला मेमरी-तपासनीस याच्या पुढे जातो. तो खणाचं माप पाहत नाही, मागितलेलं माप पाहतो. १२४ मागितले असतील तर १२४ व्या बाइटला हात लावताच स्लब-आउट-ऑफ-बाउंड्स म्हणतो, आणि बारा मागांच्या फ्रेमवरही म्हणतो, जिथे प्रत्यक्षात काही बिघडत नव्हतं. त्याला एक अष्टमांश मेमरी सावलीसाठी (कुठल्या बाइटला हात लावता येतो याच्या नोंदीसाठी) लागते आणि यंत्र बरंच मंद होतं, म्हणून तो टेबलावरच्या चाचणीसाठी. शेडमध्ये नेहमी चालू ठेवायला केफेन्स बरा. ५.१२ पासून आहे, मोजक्याच वाटपांवर नमुना म्हणून नजर ठेवतो आणि भार जाणवत नाही. ज्यांचे बॉक्स पन्नास ठिकाणी विखुरलेत त्यांना तर याचा फारच उपयोग, कारण कुठला तरी एक बॉक्स कधी ना कधी रंगेहाथ पकडतोच.

लॉग हाती लागण्यासाठी नेटकन्सोल (कर्नलचा लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवणारा) लावून ठेवा. बॉक्स गोठला की डिस्कवर काही लिहिलं जात नाही. रॅमऊप्स (लॉग रॅममध्येच राखून ठेवणारा) नुसत्या रीबूटनंतर टिकतो, पण बॉक्स पडला की कामगार सर्वात आधी प्लग काढतात, आणि प्लग काढला की रॅम गेली.

आता दुरुस्ती. "वजा एक" खोडलं की आजचा दोष जातो, हे खरं. पण मूळ अडचण अशी की मेमरीचं माप एका जागी लिहिलंय आणि स्ट्रक्चरची मांडणी दुसऱ्या जागी, आणि एक बदललं की दुसरं बदलायची आठवण माणसाने ठेवायची आहे. पुढच्या वेळी कुणी वेगळाच माणूस मांडणी बदलेल. म्हणून माप मांडणीतूनच काढायचं. २०१८ मध्ये ४.१८ पासून कर्नलमध्ये त्यासाठी स्ट्रक्ट_साइझ हा मॅक्रो आहे:

स्ट्रक्ट माग_फ्रेम {
  यू६४ वेळ;
  यू१६ संख्या;
  स्ट्रक्ट माग_नोंद नोंदी[] __काउंटेड_बाय(संख्या);
};

इफ (!एन || एन > कमाल_माग)
  रिटर्न -ईइन्व्हॅल;
फ्रेम = केझेडॅलॉक(स्ट्रक्ट_साइझ(फ्रेम, नोंदी, एन), जीएफपी_कर्नल);
इफ (!फ्रेम)
  रिटर्न -ईनोमेम;
फ्रेम->संख्या = एन;

या तुकड्यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. स्ट्रक्ट_साइझला पॉइंटर, अ‍ॅरेचं नाव आणि संख्या एवढंच सांगायचं, घटकाचं माप तो स्वतः शोधतो. उद्या नोंदीत एखादा सदस्य वाढला तर इथे काही बदलावं लागत नाही. दहा मागांसाठी तो १३६ देईल, गरजेपेक्षा चार जास्त, कारण तो फ्रेमचं पूर्ण माप १६ धरतो आणि नोंदी बाराव्या बाइटपासून सुरू होतात. हे चार वाचवण्याच्या नादात ऑफसेटऑफ वापरून हाताने हिशेब करू नका. फ्रेम दुसऱ्या फ्रेममध्ये साध्या असाइनमेंटने कॉपी केली तर कंपायलर १६ बाइट्स हलवतो, आणि मग तो हातचा हिशेब अंगलट येतो.

दुसरी गोष्ट गुणाकाराची. ३२-बिट यंत्रावर साइझ_टी ३२ बिटांचा. संख्या बाहेरून आली, समजा आयऑक्टलमधून (प्रोग्रामने ड्रायव्हरला पाठवलेल्या आज्ञेतून), आणि कुणी ३५,७९,१३,९४२ पाठवली, तर १२ ने गुणल्यावर उत्तर ३२ बिटांत मावत नाही आणि ८ उरतं. नोंदींसाठी ड्रायव्हर आठच बाइट्स मागतो, ते त्याला मिळतात, आणि मग तो कोट्यवधी नोंदी लिहायला निघतो. स्ट्रक्ट_साइझ अशा वेळी उत्तर गुंडाळून घेत नाही, कमाल मूल्यावर थांबतो, आणि तेवढी मेमरी मिळणं शक्य नसल्याने वाटप नापास होतं. साध्या अ‍ॅरेसाठी हेच काम केकॅलॉक आणि केमॅलॉक_अ‍ॅरे करतात. आकड्यांची बेरीज-गुणाकार करून माप काढायचंच असेल तर साइझ_अ‍ॅड आणि साइझ_मल आहेत. केमॅलॉकच्या कंसात उघडा गुणाकार लिहिणं आणि शेवटी एक घटकाचा अ‍ॅरे ठेवणं, या दोन्ही गोष्टी कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात कालबाह्य पद्धतींच्या यादीत आहेत. केस कुक आणि गुस्ताव्हो सिल्वा यांच्यासारख्या मंडळींनी कर्नलभर एकेक जागा शोधून असे अ‍ॅरे बदलले, तेव्हा कुठे तो कठोर पर्याय चालू करता आला. बाहेरच्या ड्रायव्हरांना मात्र ही मेहनत स्वतःच करावी लागते.

शून्याची तपासणीही उगाच नाही. जुन्या ओळीत शून्य माग आले तर "वजा एक" मुळे माप चार बाइट्सवर येत होतं, आणि फ्रेमच्या नुसत्या डोक्यालाच दहा लागतात. रविवारी सगळं शेड बंद असताना कार्ड शून्य पाठवतं. ६४ च्या खणाने ते झाकलं, एवढंच.

कमाल मर्यादा तपासताना ती संख्या यू१६ मध्ये भरण्याआधी तपासा. ६५,५४० ही संख्या यू१६ मध्ये घातली की ४ होते, आणि मग ४ ही मर्यादेत आहे म्हणून पुढे जाते.

काउंटेड_बाय हा गुण जीसीसीत १५ पासून आणि क्लँगमध्ये १८ पासून आहे. जुना कंपायलर असेल तर मॅक्रो रिकामा होतो, नुकसान काही नाही. नवा असेल तर अ‍ॅरेत खरोखर किती घटक आहेत हे यूबीसॅन आणि फॉर्टिफाय (मेमसीपीवायसारख्या कॉपी तपासणारा) यांना कळतं, आणि अकरावी नोंद लिहायचा प्रयत्न जागीच पकडला जातो. यात लोक अडकतात ते क्रमाच्या बाबतीत: संख्या आधी भरायची, नोंदींना हात नंतर. केझेडॅलॉकने सगळं शून्य दिलेलं असतं, त्यामुळे संख्या भरण्याआधी मेमसीपीवाय केलं तर तपासणीच्या दृष्टीने अ‍ॅरेत एकही घटक नाही. जुन्या कोडमध्ये "आधी नोंदी भरू, शेवटी संख्या लिहू" असा क्रम बऱ्याचदा असतो. तो उलटवा.

आणि साइझऑफमध्ये पॉइंटरच्या आधीचा तारा विसरला जात नाही ना, तेही बघा. ३२-बिटवर तारा लिहायचा राहिला की चार बाइट्स मिळतात, ६४ चा खण ते झाकतो, आणि पुन्हा हीच कहाणी.

आता त्या १२ बाइट्सच्या नोंदीकडे. एक, चार आणि दोन मिळून सात होतात, मग बारा का? यू३२ ला चारने भाग जाणारी जागा हवी, म्हणून अवस्थेच्या एका बाइटनंतर तीन रिकामे. गतीनंतर दोन रिकामे, म्हणजे पुढची नोंदही चारच्या पटीवर येते. हे डोळ्यांनी शोधायची गरज नाही. ड्वार्व्ह्‌ज या पॅकेजमध्ये पाहोल नावाचं टूल आहे. मॉड्यूल (ड्रायव्हरची बांधलेली फाइल) डीबग माहितीसह बांधा, पाहोलला स्ट्रक्चरचं नाव आणि .केओ फाइल द्या, तो प्रत्येक सदस्याचं स्थान, माप आणि मधली भोकं छापून देतो. मोठा सदस्य आधी, लहान नंतर असं लावलं (पिक, गती, अवस्था) की तीच नोंद आठ बाइट्सची होते. दहा मागांना १३६ ऐवजी ९६.

पण मेमरी वाचते म्हणून मी हे सुचवत नाही. कारण वेगळं आहे. ड्रायव्हर ह्या नोंदी वाचणाऱ्या प्रोग्रामला जशाच्या तशा कॉपी_टू_यूझरने देतो. पॅडिंगचे पाच बाइट्स कुणी भरलेले नसतात. केमॅलॉकने दिलेल्या खणात आधीच्या मालकाचा मजकूर तसाच असतो, आणि तो त्या पाच-पाच बाइट्समधून कर्नलबाहेर जातो. केझेडॅलॉकने हे बहुतांशी मिटतं. तरी भोक असेल तिथे राखीव असा नाव दिलेला सदस्य ठेवा, शून्य करा, आणि मांडणीखाली स्टॅटिक_असर्टने माप आठच असल्याची खात्री लिहून ठेवा. पुढे कुणी सदस्य सरकवला तर मॉड्यूल बांधलंच जाणार नाही. माप बदललं की वाचणारा प्रोग्रामही त्याच वेळी नव्याने बांधावा लागतो, नाहीतर पडद्यावर तिसऱ्या मागाचे पिक दुसऱ्याच्या रकान्यात दिसतील.

पॅडिंग नको म्हणून थेट पॅक्ड (मधली रिकामी जागा न सोडण्याची सूचना) लावणं हा उपाय मला पटत नाही. पॅक्ड हा कार्डाकडून तारेवर येणाऱ्या मांडणीसाठी. ती वेगळी स्ट्रक्चर करा, तिच्यात एलई१६, एलई३२ हे (लहान बाइट आधी, असा क्रम ठरलेले) प्रकार वापरा, आणि तिथून एकेक मूल्य बदलून आतल्या स्ट्रक्चरमध्ये घ्या. तारेवरची मांडणी आणि मेमरीतली मांडणी एकच ठेवली की दोन्हींपैकी एकाची अडचण दुसऱ्यावर लादली जाते.

याच ड्रायव्हरमध्ये मांडणीचा आणखी एक दोष होता. तो बॉक्स पाडत नव्हता, पण "चालू माग" हा आकडा मधूनच मागच्या मूल्यावर उडी मारायचा. यूएसबीचा ६४ बाइट्सचा बफर मुख्य स्ट्रक्चरच्या पोटातच अ‍ॅरे म्हणून ठेवलेला, आणि त्याला खेटून तो आकडा. या प्रोसेसरवर डीएमए (उपकरण थेट मेमरीत लिहितं ते) आणि कॅश आपोआप जुळत नाहीत. बफरमध्ये नवी माहिती आली की कर्नल त्या भागाच्या कॅश-ओळी रद्द करतो, आणि ओळ ६४ बाइट्सची. बफर ओळीच्या सीमेवर सुरू होत नसेल तर शेवटच्या ओळीत बफरचा शेपूट आणि तो आकडा एकत्र बसतात. अशा सामायिक ओळीत एका बाजूचं नुकतंच केलेलं लिखाण हरवून जुनं मूल्य परत येऊ शकतं. उपाय: डीएमएचा बफर स्वतंत्र केमॅलॉकने घ्या, स्ट्रक्चरमध्ये फक्त त्याचा पॉइंटर ठेवा. केमॅलॉकच्या खणाची सुरुवात अशा बोर्डांवर डीएमएला चालेल अशाच सीमेवर असते, सगळ्यात लहान खण ६४ चा असण्याचं कारणही तेच. इंटेलच्या लॅपटॉपवर हा दोष कधीच दिसणार नाही, तिथे कॅश आणि डीएमए हार्डवेअरच जुळवून घेतं.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. यूएसबीच्या कंप्लीशन कॉलबॅकमधून (व्यवहार पुरा झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून) मेमरी मागत असाल तर जीएफपी_कर्नल चालत नाही, तिथे झोपता येत नाही आणि "स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट" अशी ओळ येते. जीएफपी_अ‍ॅटॉमिक लिहून ती ओळ जाते, पण मेमरीची चणचण असेल तेव्हा ते वाटप नापास होतं. कमाल माग किती हे आधीच ठाऊक असतं, तेव्हा प्रोबमध्येच (कार्ड जोडताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) पुरेशी फ्रेम घेऊन ठेवणं चांगलं. दुसरी, डेव्हएम_केझेडॅलॉकची. वीज गेली-आली की कार्ड यूएसबीवरून सुटतं आणि परत येतं. सुटताना डेव्हएमने घेतलेली मेमरी आपोआप परत जाते, पण वाचणाऱ्या प्रोग्रामकडे फाइल उघडीच असते, आणि त्याचा पुढचा रीड मेलेल्या मेमरीवर पडतो. अशा स्ट्रक्चरला केरेफ (संदर्भांची मोजणी) लावा: ओपनमध्ये एक संदर्भ वाढवा, रिलीजमध्ये कमी करा, शेवटचा संदर्भ गेल्यावरच मुक्त करा.

बाकीच्या कोडमध्ये असाच दोष शोधायचा तर "- १) * साइझऑफ" हा नमुना ग्रेपने शोधा, मग शेवटी [१] किंवा [०] असलेली प्रत्येक स्ट्रक्चर, मग केमॅलॉकच्या कंसातला प्रत्येक गुणाकार. या ड्रायव्हरमध्ये सेटिंग साठवणाऱ्या भागात आणखी एक "वजा एक" अशाच प्रकारे राहिलेलं सापडलं.

दुरुस्त मॉड्यूल बांधल्यावर टेबलावर केसॅनच्या कर्नलवर ०, १, ५, ९, १०, ११, २१, ४२ इतक्या मागांचे खोटे फ्रेम पाठवून बघा, आणि फाइल उघडी असताना कार्डाची केबल काढून-लावून बघा. मग ते सगळ्या शेडमध्ये टाका, जिथे बॉक्स कधीच पडला नाही तिथेही. नऊ मागांच्या कारखानदाराने एक माग वाढवला की त्याचा बॉक्स पडू लागेल, आणि तेव्हा कुणी या ड्रायव्हरकडे बघणार नाही.

मॉड्यूल टाकूनही तेच ००९८ दिसत असेल तर जुनीच फाइल चढतेय. काही बोर्डांवर ड्रायव्हर इनिटरामएफएसमध्येही (बूट होताना सर्वांत आधी चढणाऱ्या छोट्या फाइलसिस्टीममध्ये) ठेवलेला असतो, आणि तो डिस्कवरच्या नव्या फाइलच्या आधी चढतो. मॉडिन्फोने दिसणारी माहिती डिस्कवरच्या फाइलची असते, चढलेल्या मॉड्यूलची नव्हे. त्यासाठी सिसएफएसमध्ये मॉड्यूलच्या नावाखालचं एसआरसीव्हर्शन वाचा, मॉडिन्फोतल्या एसआरसीव्हर्शनशी जुळवा, जुळत नसेल तर इनिटरामएफएस नव्याने बांधा आणि बॉक्स एकदा पूर्ण बंद करून चालू करा.